समाधानाच्या गुणांवरून गावांचा निधी ठरवावा का?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. बीड जिल्ह्यातील काही गावांत काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत मी कार्यकर्ती आहे. यंदा आमच्याकडे निधी मर्यादित आहे. तो कोणत्या कामावर खर्च करावा हे ठरवण्यापूर्वी गावकऱ्यांच्या राहणीमानाची पाहणी करावी, असे कार्यकारी समितीने ठरवले. घर, पाणी, शौचालय, शाळा आणि उत्पन्न या नेहमीच्या बाबींबरोबरच लोकांना स्वतःला आपले आयुष्य कसे वाटते हेही विचारावे, अशी सूचना देणगीदारांकडून आली. ती मला योग्य वाटली, कारण आजवर आम्ही घरे आणि हातपंप मोजत आलो, माणसांना त्यांचे मत विचारले नव्हते. म्हणून ‘सध्याच्या आयुष्याबद्दल आपण एकंदरीत किती समाधानी आहात? शून्य ते दहा यांपैकी गुण द्या’ असा प्रश्न आम्ही प्रश्नावलीच्या शेवटी घातला.

पाहणी पाडव्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्यावर झाली. निकालाने आम्ही पेचात पडलो आहोत. दरवर्षी सहा-सहा महिने फडावर पालात राहणाऱ्या, पहाटे अंधारात उठून कोयता चालवणाऱ्या स्त्रियांनी बरेच वरचे गुण दिले. ‘उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली, लेकरे धडधाकट आहेत, आणखी काय हवे’ या अर्थाची उत्तरे वारंवार आली. उलट पदवी घेऊन तालुक्याच्या गावी खोली करून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांनी फार खालचे गुण दिले. आता समितीतील काही सदस्यांचे म्हणणे असे आहे की, जेथे असमाधान अधिक तेथे निधी गेला पाहिजे. म्हणजे तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह मागे ठेवावे आणि तालुक्याला अभ्यासिका उभारावी.

मला हे पटत नाही. मात्र ‘त्या बायकांनीच आपण समाधानी असल्याचे सांगितले, त्यांचे म्हणणे खोटे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?’ या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नाही. लोककल्याण मोजून त्यावरून धोरण ठरवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत, हे मी वाचून आहे. त्या प्रयत्नांत हा पेच कसा सोडवला गेला आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तक्ता

आपला पेच नवा नाही आणि आपल्या शंकेला भक्कम आधार आहे. अमर्त्य सेन यांनी या संदर्भात वारंवार दिलेले एक उदाहरण आपल्या समितीपुढे जसेच्या तसे ठेवावे असे मी सुचवेन. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने जवळच्या सिंगूर भागात एक पाहणी केली. तीत लोकांना स्वतःच्या प्रकृतीबद्दल विचारले होते. विधुरांपैकी ४८.५ टक्के पुरुषांनी आपण आजारी आहोत किंवा आपली प्रकृती यथातथाच आहे असे सांगितले. विधवांमध्ये असे सांगणाऱ्या स्त्रिया होत्या अवघ्या २.५ टक्के. नुसत्या ‘यथातथा’ या उत्तराकडे पाहिले तर विधुर ४५.६ टक्के आणि विधवा एकही नाही. त्या काळच्या बंगालमध्ये विधवेच्या वाट्याला येणारे अन्न, औषध आणि मान यांची ज्याला कल्पना आहे, तो या आकड्यांवरून विधवांची प्रकृती विधुरांपेक्षा उत्तम होती असा निष्कर्ष काढणार नाही. ज्या स्त्रीला आयुष्यभर आपल्या दुखण्याची दखल घेतली जाईल अशी अपेक्षाच करू दिली गेली नाही, ती आपले दुखणे दुखणे म्हणून सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हेच चित्र राज्याराज्यांच्या तुलनेतही दिसते. केरळमधील लोक आजारपणाच्या तक्रारी देशात सर्वाधिक प्रमाणात नोंदवतात आणि बिहारमधील लोक फार कमी. पण २०१४ ते २०१८ या काळातील नमुना नोंदणीनुसार सरासरी आयुर्मान केरळमध्ये ७५ वर्षांच्या पुढे आणि बिहारमध्ये ६९ वर्षांच्या आसपास होते. शिक्षण आणि दवाखाना जवळ आला की आजार ओळखता येतो, तो सांगण्यात अर्थ वाटू लागतो आणि तक्रारी वाढतात. आपल्या पदवीधर तरुणांचे खालचे गुण मी याच दृष्टीने पाहीन. त्यांच्यापुढे तुलनेसाठी एक मोठे जग उघडले आहे. त्यांचे दुःख खरे आहे आणि त्याची थट्टा करू नये, परंतु त्यावरून ते ऊसतोड स्त्रियांपेक्षा अधिक वंचित आहेत असे सिद्ध होत नाही.

म्हणून निधीवाटपाचा पाया प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टींवरच असावा, असे माझे ठाम मत आहे. १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक आला तेव्हा त्यात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एवढेच घेतले. लोकांच्या भावना त्यात नव्हत्या. आपल्या राज्याने २००२ मध्ये मानव विकास अहवाल काढला आणि २००६ मध्ये मागास जिल्ह्यांतील २५ तालुक्यांपासून मानव विकास मिशन सुरू केले. पुढे २०११ पासून ते २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत गेले. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी धावणाऱ्या निळ्या बसगाड्या, गरोदर स्त्रीला मिळणारी बुडीत मजुरी, गावातल्या अभ्यासिका ही त्याचीच कामे. ज्या मुलीची शाळा आठवीनंतर सुटणारच असे घरात गृहीत धरलेले असते, तिला समाधानाचे गुण विचारले असते तर तिने कदाचित चांगलेच दिले असते. बसची गरज त्या गुणांतून कधीही दिसली नसती.

टेम्सकाठ

तक्ता यांनी दिलेली उदाहरणे मला मान्य आहेत, पण निष्कर्ष अर्धाच मान्य आहे. मी ब्रिटनमध्ये एका स्थानिक प्रशासनात काम करतो आणि येथे समाधानाचे आकडे रोजच्या कामात वापरले जातात, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

येथे २०१० च्या नोव्हेंबरात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी राष्ट्रीय कल्याण मोजण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि २०११ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आपल्या मोठ्या पाहणीत चार प्रश्न विचारू लागले. आयुष्याबद्दल एकंदरीत किती समाधान वाटते. आपण जे करतो ते कितपत सार्थ वाटते. काल किती आनंदी होतात. आणि काल किती चिंतेत होतात. चारही उत्तरे शून्य ते दहा या पट्टीवर असतात. हे चार प्रश्न वेगळे ठेवण्यामागे विचार आहे. आयुष्याबद्दल समाधानी असणारा माणूस कालच्या दिवसात अतिशय चिंतेत असू शकतो. माळरानताई, आपण यांपैकी फक्त पहिला प्रश्न विचारला आणि नेमका तोच प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर देताना माणूस आपल्या अपेक्षा, आपले नशीब आणि आपल्या आसपासचे लोक यांच्याशी तुलना करून बोलतो. ‘काल’बद्दलचे प्रश्न अपेक्षांपेक्षा अनुभवाच्या अधिक जवळ असतात.

मात्र माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. आपल्या समितीने गुणांची पातळी पाहिली. धोरणासाठी पाहायचा असतो तो गुणांत पडणारा फरक. येथील अर्थखात्याने २०२१ मध्ये प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत एका व्यक्तीचे जीवनसमाधान एका वर्षासाठी एका गुणाने वाढणे हे एकक धरले आहे आणि २०१९ च्या किमतींनुसार त्याचे मूल्य १३,००० पौंड सुचवले आहे. आपल्याकडे माणसाच्या समाधानाला किंमत लावणे अनेकांना खटकेल, पण त्यात एक न्याय आहे. लोक एखाद्या सोयीसाठी किती पैसे मोजायला तयार आहेत यावरून तिचे मूल्य काढण्याची जुनी पद्धत श्रीमंताच्या इच्छेला आपोआप अधिक वजन देते. या पद्धतीत झाडूवाल्याचा एक गुण आणि बँकरचा एक गुण सारखाच असतो. तेव्हा समितीला विचारण्याचा प्रश्न असा की, अभ्यासिका बांधल्याने त्या तरुणांच्या असमाधानात नेमका किती फरक पडेल? त्यांचे दुःख जागांची कमतरता, पुढे ढकलल्या जाणाऱ्या परीक्षा आणि घरच्यांच्या अपेक्षा यांतून येत असेल तर बसायला खुर्ची आणि दिवा मिळाल्याने ते फारसे हलणार नाही. असमाधान कोठे आहे हे कळणे आणि ते आपल्या हातून कमी होईल हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि काही दुःखे अशी असतात की ती विचारल्याखेरीज कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत. एकाकीपणा हे त्यांतले सर्वांत मोठे. माझ्या भागात ज्या वृद्धांचे घर पक्के, निवृत्तिवेतन नियमित आणि दवाखाना दाराशी आहे, त्यांच्यातही खालचे गुण देणारे लोक आढळतात. दिसणाऱ्या गोष्टी मोजत राहिलो असतो तर त्यांच्यापर्यंत आम्ही पोहोचलोच नसतो. सेन स्वतः ज्या आयोगाचे एक प्रमुख होते, अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ आणि जाँ-पॉल फितूसी यांच्याबरोबरच्या त्या फ्रान्समधील आयोगाने २००९ च्या अहवालात सांख्यिकी कार्यालयांनी लोकांचे स्वतःच्या आयुष्याविषयीचे मूल्यमापनही नोंदवावे असे म्हटले होते. म्हणजे ज्यांनी सिंगूरचे उदाहरण दिले त्यांनीही प्रश्न विचारणे बंद करा असे म्हटलेले नाही.

येथील वेल्सचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. तेथे २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा झाला. त्यात सात उद्दिष्टे आहेत आणि सार्वजनिक संस्थांवर ती लक्षात घेऊन निर्णय घेण्याचे बंधन आहे. न्यूपोर्टजवळ एम-४ महामार्गाची वाहतूक कमी करण्यासाठी मोठा पर्यायी रस्ता बांधण्याचे ठरत होते. सार्वजनिक चौकशीत निरीक्षकाने अनुकूल मत दिले होते. त्या रस्त्याला भावी पिढ्यांच्या आयुक्तांनी या कायद्याच्या आधारे विरोध केला आणि जून २०१९ मध्ये वेल्सच्या सरकारचे प्रमुख, म्हणजे प्रथम मंत्री, मार्क ड्रेकफोर्ड यांनी खर्च आणि पाणथळ भूमीची हानी ही कारणे देऊन तो रद्द केला. वाचलेल्या प्रवासाच्या वेळाचे पैसे वाहतुकीच्या हिशेबात सहज धरता येतात; पाणथळ जागा पुढच्या पिढीसाठी काय मोलाची आहे हे त्या हिशेबात सहसा बसत नाही. कल्याणाचे माप कायद्यात आले की अशा गोष्टींना निदान बोलण्याची जागा मिळते.

उपकेंद्र

वरची चर्चा मोलाची आहे, पण माझ्या मते आधी पाहिले पाहिजे ते हे की प्रश्न कोणी, कोठे, कोणासमोर आणि कोणत्या महिन्यात विचारला. मी याच भागात आरोग्यसेविका म्हणून काम केले आहे, म्हणून हक्काने लिहिते.

माळरानताई, पाडव्यानंतरचे दिवस हे तोडणीवरून आलेल्या बाईचे वर्षातले सर्वांत हलके दिवस असतात. ती आपल्या घरात असते, लेकरे डोळ्यांसमोर असतात, मुकादमाचा (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचा) हिशेब झालेला असतो, गावात लग्नसराई आणि जत्रा असतात. त्या वेळी तिने दिलेले उत्तर खरे आहे, पण ते त्या दिवसांचे आहे. हाच प्रश्न डिसेंबरात फडावर, पहाटे मोळ्या बांधून गाडी भरून झाल्यावर विचारला असता तर उत्तर वेगळे आले असते. शिवाय नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना घरातल्या बाईने ‘मी समाधानी नाही’ असे म्हणणे म्हणजे घरावर आरोप करण्यासारखे असते. टोळीतल्या कोणाच्या उपस्थितीत तर ती पुढच्या हंगामाच्या उचलीचाही विचार करून बोलेल. बाई एकटी असताना, बाईनेच विचारले होते का, हे आपण लिहिलेले नाही. ते महत्त्वाचे आहे.

प्रश्न प्रश्नावलीत कोठे आहे यानेही उत्तर बदलते. अमेरिकेतील गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत २००९ च्या सुरुवातीला काही लोकांना आधी राजकारणाविषयीचे प्रश्न विचारले आणि काहींना विचारले नाहीत. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी ते आकडे तपासले तेव्हा आधी राजकारणाचे प्रश्न ऐकलेल्या लोकांनी आपल्या आयुष्याला सरासरीने सुमारे ०.६ इतके कमी गुण दिल्याचे दिसले. आपला समाधानाचा प्रश्न शेवटी आहे. त्याआधी तरुणांना नोकरी आणि उत्पन्न यांविषयी विचारले असेल तर त्यांची जखम आपणच उघडी करून मग गुण मागितले, असे झाले. तो प्रश्न अगदी सुरुवातीला घ्यावा.

आता मूळ मुद्दा. या बायकांना त्यांचे हाल सांगता येत नाहीत असे मुळीच नाही. ‘समाधानी आहात का’ या प्रश्नाला त्या वरचे गुण देतात, पण ‘काल किती वाजता उठलात, किती वाजता पाठ टेकली, कंबर किती दिवसांपासून दुखते, अंगावर जाते का, दुखत असताना शेवटची सुट्टी कधी घेतली आणि खाड्याचे (कामाला न गेलेल्या दिवसाचे) किती पैसे कापले’ असे विचारले तर घडाघडा सांगतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यांतल्या किती जणींनी त्याआधी कोणत्याही कागदावर आपण असमाधानी असल्याचे लिहून दिले असते? शस्त्रक्रिया झाली, पाळीचा त्रास गेला, खाडा वाचला, म्हणून बरे झाले असे सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ते ‘बरे’ ऐकून आपण पुढच्या घरी जायचे का, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

वेळ हे माप आपण जरूर घ्यावे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला आणि मधले अंतर जवळपास होते तेवढेच राहिले. फडावरची बाई तोडणी करून आल्यावर तीच भाकरी थापते, तीच पाणी आणते. कोयत्याची मजुरी जोडप्याला मिळून मिळते, पण झोप दोघांना सारखी मिळत नाही. झोपेचे तास विचारणे सोपे आहे, त्यात कोणाची लाज निघत नाही आणि नवरा शेजारी असला तरी उत्तर फारसे बदलत नाही.

सदाहरित

थोडक्यात एक भर घालतो. मध्य प्रदेश शासनाने २०१६ मध्ये देशातील पहिला आनंद विभाग स्थापन केला आणि आनंदाचा निर्देशांक तयार करण्यासाठी खरगपूरच्या आयआयटीची मदत घेण्याचे ठरवले. हेतू चांगला असेल, पण अशा उपक्रमांत लोकांचे मन कसे प्रसन्न ठेवावे याकडे भर जातो आणि ते अप्रसन्न का आहे याचे उत्तर शासनाने द्यायचे असते हे मागे पडते. आपल्या संस्थेतही कोणी पुढच्या वर्षी ‘समाधानाचा सरासरी गुण वाढवणे’ हे उद्दिष्ट ठरवले तर त्याला आत्ताच विरोध करावा. गुण वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग अपेक्षा कमी ठेवणे हा आहे.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. उपकेंद्रताई, आपला तर्क बरोबर आहे. बहुतेक ठिकाणी घरातील माणसे आसपास होती आणि आमच्या पाहणी करणाऱ्यांत मुलगेच अधिक होते. पातळी आणि फरक यांतला भेद मी समितीपुढे मांडला आणि तो काही सदस्यांना पटलाही. मात्र आता नवी अडचण आली आहे. देणगीदारांच्या प्रतिनिधींना एकच आकडा हवा आहे. झोप, आजारपण, मुलांची शाळा, समाधान असे दहा आकडे दिले तर निर्णय घेता येत नाही, असे ते म्हणतात. सगळ्यांची सरासरी काढावी तर समाधानाचे वरचे गुण बाकीच्या उणिवा झाकून टाकतात. यातून मार्ग आहे का?

हिमरेषा

मार्ग आहे, आणि तो समाधान मोजण्यासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या देशातच सापडतो. भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंदाविषयी आपल्याकडे बरेच भाबडे लिहिले जाते. तेथे लोकांना ‘तुम्ही आनंदी आहात का’ असे विचारून सरासरी काढतात, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात त्यांचा निर्देशांक अगदी वेगळ्या रीतीने बनतो. मानसिक स्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, संस्कृती, सुशासन, सामुदायिक जीवन, पर्यावरण आणि राहणीमान अशी नऊ क्षेत्रे आणि त्यांत मिळून ३३ निर्देशक आहेत. प्रत्येक निर्देशकासाठी ‘एवढे असले की पुरे’ अशी मर्यादा ठरलेली आहे. माणसाकडे त्या मर्यादेपेक्षा कितीही अधिक असले तरी ते ‘पुरे’ एवढेच धरतात, अधिक गुण देत नाहीत. मग भारांकांचा (प्रत्येक निर्देशकाला दिलेल्या वजनाचा) विचार करून किमान ६६ टक्के निर्देशकांत ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याला आनंदी धरतात, आणि जे त्या रेषेखाली आहेत त्यांना कोणत्या गोष्टी कमी पडतात ते पाहतात.

आपल्या अडचणीचे उत्तर या ‘पुरे’मध्ये आहे. समाधानाला दहापैकी आठ गुण देणाऱ्या स्त्रीची समाधानाच्या रकान्यात फक्त ‘पुरेसे’ अशी नोंद होईल. तो आठ तिच्या चार तासांच्या झोपेची, अंगावर काढलेल्या दुखण्याची किंवा मुलाच्या सुटलेल्या शाळेची भरपाई करू शकणार नाही, कारण त्या रकान्यांत ‘अपुरे’ असेच लिहिलेले राहील. सरासरीत एका बाजूचे आधिक्य दुसऱ्या बाजूची उणीव भरून काढते, येथे तसे होत नाही. देणगीदारांना हवा असलेला एकच आकडाही मिळतो. भूतानचा तो आकडा शून्य ते एक या पट्टीवर २०१० मध्ये ०.७४३, २०१५ मध्ये ०.७५६ आणि २०२२ मध्ये ०.७८१ होता. तो उलगडला की त्याच्या आत कोण मागे आहे हेही दिसते. २०१५ च्या पाहणीत स्त्रिया पुरुषांच्या मागे आणि शेतकरी इतर व्यवसायांच्या मागे असल्याचे त्यातूनच दिसले. माझ्या मते त्या निर्देशांकाचा खरा उपयोग जगाला एक आकडा दाखवण्यापेक्षा या उलगडण्यात आहे.

ही गणिती रीत सबीना अल्किरे आणि जेम्स फॉस्टर या अर्थतज्ज्ञांची आहे आणि ती आपल्या शासनालाही परकी नाही. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक तिच्यावरच उभा आहे. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे बारा निर्देशक घेतात आणि भारांकांनुसार एक तृतीयांश किंवा अधिक बाबतींत वंचित असलेल्या व्यक्तीला गरीब धरतात. त्या मोजणीत २०१५-१६ मध्ये देशातील २४.८५ टक्के लोक गरीब होते आणि २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के, महाराष्ट्रात हे प्रमाण १४.८० वरून ७.८१ टक्क्यांवर आले. त्यात समाधानाचा रकाना नाही, भूतानच्या निर्देशांकात आहे. आपण दोहोंच्या मधले काहीतरी, आठ-दहा निर्देशकांचे, सहज करू शकाल.

एक विनंती मात्र आहे. समाधानाचा गुण आणि दिसणारी स्थिती एकमेकांपासून फार दूर असतील अशी घरे वेगळी काढून ठेवा. जेथे उणिवा अनेक आणि तरीही समाधान वरचे, तेथे अपेक्षा दाबल्या गेल्या आहेत का, की पाहणीत दिसत नसलेला एखादा आधार आहे, हे जाऊन विचारावे लागेल. जेथे सर्व काही ‘पुरेसे’ आणि तरीही समाधान खालचे, तेथे आपल्या प्रश्नावलीतून काहीतरी सुटले आहे. आपले तरुण बहुधा या दुसऱ्या गटात येतील, आणि त्यांना अभ्यासिकेपेक्षा वेगळे काही हवे आहे का, हे त्यांच्याशी बोलूनच कळेल.

तक्ता

हिमरेषा यांच्या मांडणीला माझा पाठिंबा आहे. टेम्सकाठ यांचा एकाकीपणाविषयीचा मुद्दाही मी स्वीकारतो. केवळ दिसणाऱ्या गोष्टींवर भिस्त ठेवण्याचे धोके आपल्या देशाने अनुभवले आहेत. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये दिवसाला २,२५० उष्मांक पुरवणाऱ्या आहाराइतका खर्च ही दारिद्र्याची रेषा धरली. त्या काळी तो मोठा, धाडसी अभ्यास होता. पण पुढे कित्येक दशके ‘गरीब कोण’ या प्रश्नाचे सरकारी उत्तर खर्चाच्या एका आकड्याभोवतीच फिरत राहिले आणि २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपये अशी रेषा सांगितली तेव्हा देशभर संताप उसळला. ज्यांच्याविषयी ती रेषा होती त्यांना ती ठरवताना कोणी विचारले नव्हते, हेही त्या संतापाचे एक कारण होते असे मी मानतो.

म्हणून ‘पुरे’ कशाला म्हणायचे हे आपल्या समितीने बंद खोलीत ठरवू नये. किती तास झोप पुरेशी, वर्षातले किती महिने मूल एकाच शाळेत असले म्हणजे पुरे, दवाखाना किती अंतरावर असला म्हणजे पुरे, हे प्रश्न ग्रामसभेत, आणि त्याआधी स्वतंत्र महिला सभेत विचारावेत. आपल्याला आज पेचात टाकणाऱ्या त्याच स्त्रिया ‘तुमच्या मुलीसाठी काय पुरेसे आहे’ या प्रश्नाला स्वतःसाठी दिलेल्या उत्तरापेक्षा बरेच वरचे माप सांगतील अशी माझी अपेक्षा आहे. तेच माप सर्वांसाठी धरावे.

माळरान

आपल्या सूचनांनुसार नवी प्रश्नावली करायला घेतली आहे. समाधानाचा आणि ‘काल’चा प्रश्न सुरुवातीला, त्यानंतर झोप, दुखणे, खाडा, मुलांची शाळा आणि पाणी असा क्रम ठेवला आहे. महिला सभा पुढच्या महिन्यात घेत आहोत. अभ्यासिका आणि वसतिगृह या दोन्हींचा निर्णय तोवर थांबवण्यास समितीने मान्यता दिली आहे. वसतिगृह सुरू करायचे तर टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघण्यापूर्वी करावे लागेल, त्यामुळे आमच्या हाती वेळ थोडाच आहे. एक शंका उरते: दुसरी फेरी फडावर जाऊन घ्यावी का? आमच्या भागातील टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात विखुरलेल्या असतात.

उपकेंद्र

घ्यावी. सगळ्यांना गाठणे जमणार नाही, त्याची गरजही नाही. आत्ताच्या फेरीतली काही घरे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्याच बायकांना जानेवारीत फडावर भेटा, म्हणजे एकाच माणसाची दोन ऋतूंतली उत्तरे शेजारी ठेवता येतील. मुकादमामार्फत जाऊ नका. कारखान्याच्या तळावर बायका दुपारी गाडी रिकामी होईपर्यंत थांबलेल्या असतात, तेव्हा बोलता येते. सोबत एखादी परिचारिका आणि रक्ताची तपासणी करण्याची सोय न्या. नुसते विचारून परत येऊ नका, कारण मागच्या वेळी विचारून गेलेल्यांनी पुढे काय केले हे त्यांच्या लक्षात असते आणि पुढचे उत्तर त्यावर अवलंबून असते.